चिठ्ठी दाखवा म्हणणारे मेडिकल

या दुकानाबद्दल मी पहिल्यांदा ऐकले ते तक्रार म्हणून. आमच्या शेजारच्या काकू दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चिडून परत आल्या होत्या आणि दारातूनच सांगत होत्या, "तीस वर्षं गोळी घेतेय मी, आणि त्याला माझी चिठ्ठी बघायचीय!" काकूंची चिठ्ठी सात महिन्यांपूर्वीची होती, गोळी झोपेची होती आणि दुकानदाराने ती त्यांना दिली नव्हती. रागाच्या भरात त्यांनी ती पुढच्या चौकातून घेतली, तिथे कोणी काहीही विचारले नाही, आणि आमच्या गल्लीत त्या पहिल्या दुकानाचे नाव 'खडूस मेडिकल' पडले. मी त्या दिवशी काकूंना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मात्र मी मुद्दाम वाट वाकडी करून तिकडे गेले, कारण माझ्या भावाला ज्याने 'नाही' म्हटले असते असे एखादे दुकान सोलापुरात आहे, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

दुकानाचे नाव मी येथे लिहिणार नाही. परीक्षणात नावच नसणे हा दोष आहे हे मला मान्य आहे. पण मालकांनीच, ज्यांना सगळा परिसर अण्णा म्हणतो, तशी विनंती केली. त्यांचे कारण व्यवहारी आहे. नाव पसरले की ज्यांना चिठ्ठीशिवाय गोळ्या हव्या असतात ती पोरे 'बघू तरी, कसा देत नाही' म्हणत रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी येतात, आणि एकदा काउंटरची काच याच कारणाने फुटलेली आहे. ज्यांना खरोखरच जायचे आहे त्यांनी कन्ना चौकात उतरावे आणि चिठ्ठी मागणारे मेडिकल कुठले, असे कोणत्याही विडी कामगार बाईला विचारावे. ती हसेल आणि हात दाखवील.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे. मागच्या बाजूला यंत्रमागाचा कारखाना असल्यामुळे काउंटरच्या काचेला दिवसभर एक बारीक थरथर असते, आणि स्ट्रिप कापायची कात्री त्या काचेवर ठेवली की ती आपोआप हळूहळू कडेला सरकत जाते. अण्णा बोलता बोलता, न बघताच, ती पुन्हा मध्ये ओढून घेतात. त्यांचे वडील मागावर होते. आलेल्या बायकांशी ते तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडून आलेल्या माणसाशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत, पण मला ते 'ताई' न म्हणता 'अक्का' म्हणतात. रॅकवर ब्रँडची औषधे आहेत तशी जेनेरिकही आहेत, आणि स्वस्तातले कोणते चालेल हे न विचारता सांगितले जाते. इतर औषधांवर थोडीफार सूट मिळते. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर ती मिळत नाही, कारण 'ह्या गोळ्यांचा सेल लावायचा नसतो', असे अण्णांचे मत आहे.

आता माझ्या भावाबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय मी या दुकानाला जे गुण देणार आहे ते अतिशयोक्त वाटतील.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. वर्तमानपत्रात आम्ही 'अल्पशा आजाराने निधन' असे छापले. मजकूर मीच लिहून दिला होता, आणि जाहिरात घेणाऱ्या माणसाने वर न बघता शब्द मोजले होते. आजार अल्पसा नव्हता. टॉवेलच्या एका कारखान्याच्या कार्यालयात तो हिशेब पाहत असे. होटगी रस्त्यावर दुचाकी घसरून त्याच्या कमरेला मार लागला, डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी ट्रॅमाडॉलची, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची, गोळी लिहून दिली, आणि ते दहा दिवस पुढे दोन वर्षे चालले. दुखणे थांबले तरी गोळी थांबली नाही, गोळीने झोप उडाली म्हणून झोपेची गोळी आली, आणि शनिवारची दारू रोजची झाली. गर्द, एमडी (मेफेड्रोन हा नशेचा पदार्थ), इंजेक्शन यांतले काहीही आमच्या घरात कधी आले नाही. त्यामुळेच आम्ही त्याला व्यसन म्हणायला फार उशीर केला. औषधाच्या पाकिटावर डॉक्टरचे नाव असले की घरातल्या माणसांना धीर वाटतो.

शेवटी तो स्वतःहून एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. तीन महिन्यांनी परतला तेव्हा त्याचे गाल भरले होते, आणि आईने शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. निघताना केंद्रात समुपदेशन झाले, फॉर्म भरले गेले, एक डायरी दिली गेली. पण एक साधी गोष्ट कोणी आम्हाला सांगितली नाही, ती ही की काही आठवडे गोळी बंद राहिली की शरीराची सोसण्याची सवय उतरते, आणि मग पूर्वी जेवढी पचत होती तेवढीच मात्रा पुन्हा घेतली तर ती जीवघेणी ठरू शकते. ओव्हरडोसचा धोका सर्वांत जास्त असतो त्या काळांपैकी हा एक आहे: केंद्रातून, तुरुंगातून किंवा रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे. घरच्यांना मात्र नेमका तोच काळ सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण माणूस 'सुधारून' आलेला असतो.

परत आल्यावर अकराव्या दिवशी, पूर्वीच्याच हिशेबाने, त्याने गोळ्या घेतल्या आणि वर दारू घेतली. एक स्ट्रिप त्याने चौकातल्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली होती. बाकीच्या गोळ्या आमच्याच घरातल्या, स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून घेतल्या होत्या. त्यात बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले ट्रॅमाडॉल होते आणि आईची झोपेची गोळी होती. रात्री तो मोठमोठ्याने घोरत होता. आईला वाटले, किती दिवसांनी पोराला गाढ झोप लागली आहे. तिने त्याच्या अंगावर चादर ओढली, पंखा एकावर केला आणि दार लोटून घेतले. शवविच्छेदन झाले, व्हिसेरा राखून ठेवला गेला आणि अहवाल कित्येक महिन्यांनी हाती आला. त्याने हे मुद्दाम केले का, असे लोक आजही आडून विचारतात. त्याने दुसऱ्या दिवशी घालायचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता, एवढेच मी सांगते.

घोरण्याबद्दल मला पुढे या दुकानातच कळले. अफूजन्य औषधे, झोपेच्या गोळ्या आणि दारू ही तिन्ही मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण मंदावतात, आणि एकत्र घेतली की एकमेकांचा परिणाम वाढवतात. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, आणि त्या अडलेल्या वाटेतून जी हवा कशीबशी जाते तिचा आवाज घोरण्यासारखा, कधी घशात पाणी खुळखुळल्यासारखा येतो. हाक मारून, खांदा गदागदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोराने चोळूनही माणूस जागा होत नसेल, ओठ किंवा नखे निळसर पडली असतील, दोन श्वासांत फार अंतर पडत असेल, तर ती झोप नव्हे. त्याला लिंबूपाणी, ताक किंवा मिठाचे पाणी पाजायचे नसते, कारण ते श्वासनलिकेत जाते. चप्पल हुंगवून काही होत नाही. अंगावर गार पाण्याची बादली ओतणे म्हणजे वेळ घालवणे आहे. १०८ ला फोन करायचा, श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवून वरचा गुडघा दुमडून ठेवायचा, म्हणजे उलटी झाली तरी ती बाहेर पडते, आणि गाडी येईपर्यंत त्याला एकटे सोडायचे नाही. काय घेतले त्याच्या रिकाम्या स्ट्रिप सोबत न्यायच्या. हे सारे अण्णांनी मला पहिल्याच भेटीत, गिऱ्हाइके उभी असताना, एका रिकाम्या खोक्याला माणूस मानून, ते कुशीवर वळवून दाखवत सांगितले. मी सर्दीची गोळी घ्यायला आले आहे असे सांगून गेले होते.

दुकानाची मुख्य सेवा कोणती, असे विचाराल तर ती म्हणजे काउंटरखालची एक जाड वही. कायद्याप्रमाणे ही वही प्रत्येक औषध दुकानात असायला हवी. औषधांच्या नियमांत २०१३ मध्ये 'शेड्यूल एच-वन' या यादीची भर पडली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. काही प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे यांबरोबरच अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, कोडीन, ट्रॅमाडॉल ही सवय लावू शकणारी औषधे तीत आहेत. अशा औषधाच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि ते विकताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आले आहे. नियम असे आहेत. माझा भाऊ ज्या काउंटरवर उभा राहिला होता तिथे, 'एक स्ट्रिप की दोन?' एवढाच प्रश्न होता.

अण्णांच्या वहीतली नोंद मी पाहिली आहे, अर्थात नावांवर त्यांनी पट्टी आडवी धरली होती. नोंद झाली की ते चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकतात, किती गोळ्या दिल्या तो आकडा शेजारी लिहितात, म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन माणूस दुसऱ्या तीन दुकानांत फिरू शकत नाही. डॉक्टरांनी पुन्हा देण्यास लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे, हेही नियमातच आहे. पण माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या चिठ्ठीवर शिक्का मारणारा हा पहिला दुकानदार. त्यानंतर ते तीन गोष्टी विचारतात: गोळी कोणासाठी, कधीपासून, आणि घेणारा दारू किंवा ताडी पितो का. ताडीचा प्रश्न ऐकून मला हसू आले होते, ते त्यांनी थांबवले. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट घातलेले असते, आणि ते मुळात झोपेचेच औषध आहे. नवरा संध्याकाळी ती पिऊन आला आणि बायकोने डॉक्टरांची म्हणून झोपेची गोळी दिली, तर त्याच्या पोटात एकाच जातीच्या दोन गोष्टी जातात आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

सोलापूरला अमली पदार्थांच्या बातम्या नवीन नाहीत. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इफेड्रिनचा, म्हणजे नशेच्या पदार्थांसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचा, टनावारी साठा पकडला, २०२३ मध्ये त्याच परिसरात एमडी बनवण्याचा कारखाना उघडकीस आला, आणि दोन्ही वेळा शहराचे नाव देशभर झाले. या कारवाया महत्त्वाच्या आहेत यात शंका नाही. पण एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वैद्यकीय सल्ल्याशिवाय झोपेची आणि गुंगीची औषधे घेणाऱ्यांची संख्या देशात सुमारे १ कोटी १८ लाख निघाली होती, आणि त्या माणसांपर्यंत गोळी पोहोचते ती कारखान्यावरच्या छाप्याच्या वाटेने नव्हे. ती काउंटरवरून येते आणि घरातल्या फळीवरून येते.

म्हणूनच या दुकानाच्या ज्या सेवेला मी सर्वाधिक गुण देते ती फळीवरची आहे. दर रविवारी सकाळी १० ते १२.३० या वेळेत अण्णा 'डबा तपासणी' करतात. घरातला औषधांचा डबा, पिशवी, जे असेल ते जसेच्या तसे घेऊन जायचे. ते काउंटरवर वर्तमानपत्र पसरतात, डबा त्यावर उपडा करतात आणि एकेक स्ट्रिप उचलून मुदत, नाव आणि कारण विचारत तीन ढीग करतात: चालू, मुदत संपलेले, आणि कुलपात ठेवायचे. उरलेल्या गोळ्या ते स्वतःकडे घेत नाहीत आणि परत विकत तर नाहीतच. कशाची विल्हेवाट कशी लावायची ते सांगतात. ट्रॅमाडॉल, डायझेपाम अशी काही थोडी औषधे कचऱ्यात न टाकता शौचालयातून वाहून टाकावीत, अशी १७ औषधांची यादी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये दिली. तिची छापील प्रत रॅकच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. याचे शुल्क नाही. औषध त्यांच्याकडून घेतलेले असावे अशीही अट नाही.

मी आईचा डबा नेला तो पहिल्या भेटीनंतर चार महिन्यांनी. तोच डबा होता. आम्ही तो फेकला नव्हता, आणि का फेकला नव्हता याचे उत्तर माझ्याजवळ नाही. त्यात बाबांच्या गोळ्यांची एक अर्धी कापलेली स्ट्रिप अजून होती, मुदत संपून बराच काळ झालेली. चार गोळ्यांची जागा रिकामी होती आणि चंदेरी पापुद्रा आतल्या बाजूला दुमडला गेला होता. अण्णांनी ती उचलली, माझ्याकडे पाहिले आणि मुदत मोठ्याने वाचली नाही, जी बाकी प्रत्येक स्ट्रिपची ते वाचत होते. ती त्यांनी तिसऱ्या ढिगात ठेवली, आणि मग म्हणाले, "अक्का, हा डबा मोठा आहे. डबा मोठा असला की भरतो." आता आईची गोळी माझ्याकडे असते; मी तिला आठवड्याच्या सात देते, आणि या व्यवस्थेवरून आमची महिन्यातून एकदा तरी भांडणे होतात.

३१ ऑगस्टचे सांगायचे राहिले. जगभर हा दिवस ओव्हरडोसने गेलेल्यांच्या आठवणीचा म्हणून पाळतात; ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या केंद्रात काम करणाऱ्या सॅली फिन यांनी तो २००१ मध्ये सुरू केला. जांभळा रंग त्याची खूण आहे. मला अशा दिवसांचे एकंदरीत वावडे आहे, कारण शाळेत वर्षभर कोणता ना कोणता दिवस साजरा करून त्याचा अहवाल मलाच लिहावा लागतो. येथे मात्र अहवाल नाही आणि भाषणही नाही. शेजारच्या कारखान्यातून आणलेला जांभळ्या सुताचा एक कोन त्या दिवशी काउंटरवर कात्रीशेजारी ठेवलेला असतो. ज्याला वाटेल त्याने हातभर सूत कापायचे आणि काउंटरच्या लोखंडी जाळीला बांधायचे. नाव सांगायचे नाही, विचारले जात नाही. त्या दिवशीच्या प्रत्येक औषधाच्या कागदी पिशवीवर रबरी शिक्क्याने दोन ओळी उमटवलेल्या असतात: 'घोरतोय आणि उठत नाही? १०८', आणि खाली, 'सोडायचे आहे? १४४४६'. दुसरा क्रमांक केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा आहे, आणि त्यावरचा फोन निःशुल्क आहे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ३१ ऑगस्टला रविवार होता आणि त्याच दिवशी घरोघर लक्ष्म्या बसायच्या होत्या. मी फुले आणि केळीची पाने घेऊन परत जाताना दहा मिनिटे थांबले. बाहेर मंडळाची लेझीम चालू होती. जाळीला तोपर्यंत सतरा-अठरा दोरे लागलेले होते. माझ्यापुढे एक बाई होत्या, हिरव्या चुड्यातल्या, बहुधा माझ्यासारख्याच घाईतल्या. त्यांनी एक दोरा बांधला, पिशवी उचलली, दोन पावले गेल्या आणि परत येऊन दुसरा बांधला. अण्णा तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांना रक्तदाबाच्या गोळ्या मोजून देत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. मी माझा दोरा बांधला. 'अल्पशा आजाराने' असे ज्याच्यासाठी लिहून दिले होते, त्याच्यासाठी खरे कारण ठाऊक असलेल्या ठिकाणी मी केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

आता उणिवा, आणि त्या थोड्या नाहीत. सर्वांत मोठी उणीव म्हणजे अण्णांचा आवाज. गोळी कोणासाठी आणि दारू पितो का, हे प्रश्न योग्यच आहेत, पण ते मागाच्या खडखडाटावर चढवलेल्या आवाजात, चार गिऱ्हाइकांच्या देखत विचारले जातात. वहीतल्या नावांवर पट्टी धरणारा माणूस तोंडाने मात्र सगळ्या गल्लीला ऐकवतो, ही विसंगती मी त्यांना दोनदा दाखवून दिली आहे. एक तरुण मुलगा प्रश्न ऐकून लालबुंद होऊन निघून गेलेला मी स्वतः पाहिला. तो पुढच्या चौकात गेला असणार, आणि तिथे त्याला गोळी मिळाली असणार. आत एक बाक टाकून बाजूला घेऊन विचारता येईल एवढी जागा खोकी हलवली तर होते.

दुसरी उणीव नालोक्झोनची. अफूजन्य औषधांच्या ओव्हरडोसवरचा हा उतारा आहे. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टीन यांनी १९६१ मध्ये त्याचे पेटंट मागितले, आणि हेरॉइनच्या अतिमात्रेत थांबू लागलेला श्वास तो काही मिनिटांत परत आणू शकतो. (फिशमन यांचा सावत्र मुलगाच पुढे हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला, हे वाचल्यावर मी बराच वेळ तसेच बसून होते.) ओव्हरडोस डोळ्यांसमोर होण्याची शक्यता असलेल्या माणसांच्या, म्हणजे घरच्यांच्याही, हाती हे औषध असावे अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली आहे, आणि अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकण्यास परवानगी आहे. या दुकानात ते नाही. आपल्याकडे ते चिठ्ठीवरचे इंजेक्शन आहे, गिऱ्हाईक नाही, आणि पडून राहून मुदत संपते, असे अण्णा म्हणतात. मी वाद घातला. तेव्हा त्यांनी मला दुसरी बाजूही सांगितली: नालोक्झोन झोपेच्या गोळ्यांवर आणि दारूवर चालत नाही, ट्रॅमाडॉलचा परिणाम ते पूर्ण उतरवत नाही, आणि त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून ते दिले तरी रुग्णालय चुकत नाही. म्हणजे आमच्या घरात ते असते तरी बहुधा पुरे पडले नसते. हे ऐकून बरे वाटले की वाईट, ते मला अजून ठरवता आलेले नाही. तरीही, मागितल्यावर दोन दिवसांत मागवून देण्याची सोय दुकानाने करावी, हे माझे म्हणणे कायम आहे.

किरकोळ गोष्टी अशा की काम संथ आहे, कारण सगळे एकाच हाताने चालते. संध्याकाळी सातनंतर गेलात तर पंधरा-वीस मिनिटे सहज मोडतात. लाल चौकटीतली औषधे घरपोच दिली जात नाहीत, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पंचाईत होते. आणि खरी चिठ्ठी असलेल्या पण जुन्या रुग्णांना रिकाम्या हाताने परत पाठवताना जरा मऊ शब्द वापरायला हरकत नाही. झोपेची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याने ती एकदम बंद केली तर झटकेसुद्धा येऊ शकतात, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ते अशा वेळी डॉक्टरांना स्वतः फोन लावतात, पण फोन लागला नाही तर माणूस ताटकळतो. आमच्या काकूंचे नेमके तेच झाले होते.

काकूंना मी अखेर तिकडे घेऊन गेले, तो गेला रविवार. त्यांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवून नवी चिठ्ठी आणली होती आणि ती दुरूनच हलवून दाखवली. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायचा तक्ता लिहून दिला आहे. अण्णांनी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला आणि त्या हिशेबाने स्ट्रिप कापून दिली. काकूंच्या डब्यात त्यांना चार वेगवेगळ्या दुकानांच्या झोपेच्या गोळ्या मिळाल्या, त्यातल्या दोन नावांनी वेगळ्या पण औषध म्हणून एकच होत्या. तपासणीला चाळीस मिनिटे लागली. मी पाचपैकी चार तारे देते. एक तारा आवाजासाठी कापला आहे. डबा तपासणीला जायचे असेल तर सव्वादहाच्या आत पोहोचावे, चष्मा न्यावा, आणि सोबत म्हातारे माणूस असेल तर घरून घडीची खुर्ची न्यावी, कारण दुकानात स्टूल एकच आहे आणि त्यावर बहुतेक वेळा सलाइनच्या बाटल्यांचे खोके असते.